चुकून भरलेला दंड

नाव? नाव तुमच्या हातातल्या कागदावर आहे की, दिनकरराव — दिनकररावच म्हणालात ना? — मग मला कशाला विचारताय? 'अर्जदारानं मयताचं नाव तोंडी सांगावं' असा नियम आहे? वा. तुमच्या शाळाखात्यात नियम करायला बायको असलेला एकही माणूस बसवलेला दिसत नाही. अहो, वीस वर्षं संसार केला मी, त्यात यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवलं म्हणून — आणि आता काय, या कपाळानं तुमच्यासमोर उखाणा घेऊ? चांदीच्या ताटात सरकारी पावती, अमुकराव गेले आणि मी अर्ज लावती? लिहा तुम्ही, 'बाई नाव सांगत नाही.' लिहा बिनदिक्कत. आणि जरा हळू बोला हो. माडीवर आमचे भाऊजी झोपलेत. उदयसिंहराव — यांचे धाकटे भाऊ. हे गेले तसे आमच्याकडेच राहायला आलेत, आमचा सांभाळ करायला. जेवण झालं की चहा होईपर्यंत सांभाळ वर पडून करतात.

बसा, बसा. नाही, तो पाट नको, तो डुगडुगतो. गादीवर बसा. मी या चिकाच्या पडद्याआडून बोलते म्हणून सारखी मान पुढं काढू नका, अवघडेल — तुम्हाला मी दिसत नाही, पण मला तुम्ही चांगले दिसता. गोषाचा एवढा एकच काय तो फायदा. तर अर्ज. अर्जात काय अडलं? सरळ तर आहे. सरकारनं कायदा केला, मुलगी शाळेत घाला, नाहीतर दंड भरा. आमच्या यांनी नीराला शाळेत घातली नाही, म्हणून दंड भरला. सात वर्षांची होती तेव्हापासून दहाची होईस्तोवर, दर महिन्याला, स्वतः जाऊन. आता गंमत अशी की ती सगळी वर्षं नीरा शाळेतच जात होती. मीच पाठवत होते. यांना पत्ता नव्हता. म्हणजे दंड चुकून भरला गेला की नाही? आणि चुकून भरलेला दंड मयताच्या वारसाला परत मिळतो, हे काही मी मनचं सांगत नाही, तुमच्याच खात्यानं छापलंय, नीरानं मला वाचून दाखवलंय. अर्जही तिनंच लिहिला. अक्षर बघा. एक तरी खाडाखोड आहे का? भाऊजींना सही करायची असली की आधी कोऱ्या कागदावर दोनदा गिरवून बघतात.

हं, आता तुम्ही विचारणार, बापाला नकळत पोर इतकी वर्षं शाळेत जातेच कशी. सांगते. पण आधी त्यांनी पाठवली का नाही ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस वाईट होता. वाईट नव्हता हो. शिलेदार होता. कायद्याची दवंडी पिटली गेली तेव्हा आमच्या पागेत असा काही हलकल्लोळ उडाला की जसे काही पेंढारी आले. सगळी मंडळी खंडोबाच्या देवळात जमली. सरकारचं मीठ खातो, सरकारनं मान मागितली तर मान देऊ, पण घरातली लेक चव्हाट्यावरच्या शाळेत बसवणार नाही! — अशी भाषणं. मान कुणी मागितली होती, देव जाणे. त्या पागेनं शेवटची लढाई कधी मारली ते कुणाच्या आज्यालाही आठवत नाही, दसऱ्याच्या स्वारीत घोडं नाचवायचं आणि वर्षभर वाडवडिलांच्या असामीचा पगार खायचा, एवढाच तो पराक्रम. पण त्या दिवशी चढलं होतं सगळ्यांना. आणि चढलं की आम्ही मराठे काय करतो? बेलभंडार उचलतो. बेलाचं पान आणि भंडारा हातावर घेऊन सगळ्यांनी शपथ घेतली — 'मी माझ्या मुलीला शाळेत पाठवणार नाही.' जो मोडेल त्याची पंगत बंद, त्याच्या घरी सोयरीक बंद. भाऊजी तर म्हणे सगळ्यांच्या पुढं होते. आमच्या यांनीही उचलला. घरी आले तेव्हा हात पिवळे होते, ते कितीतरी वेळ मोरीत धूत बसले.

आता शपथ घेतल्यावर पुढं काय झालं, तेही ऐका, हसाल तुम्ही. हे एवढे वाघ — आठवड्याभरात एकेक जण गुपचूप कोठीच्या सरकारी कचेरीत जाऊन अर्ज देऊन आला की आमच्या घरात गोषा आहे, मुलींना सूट द्यावी. मिळाली सूट. भाऊजींच्या दोघींनाही मिळाली. ते तेव्हा मकरपुऱ्याला असायचे, राजवाड्याच्या चाकरीवर. शपथही राहिली आणि खिशालाही चाट नाही. अख्ख्या पागेत दंड भरणारा शहाणा एकच — आमचा. मी म्हटलं हो, एकदा नाही, दहादा म्हटलं, अहो, आपल्या घरात काय गोषा नाही? मी काय मांडवीत उभी राहून भाजी घेते? तुम्ही पण द्या की अर्ज. तर म्हणायचे, 'आपल्याला सरकारपुढं सूट मागायची सवय नाही.' सूट मागायची सवय नाही! आणि दंड भरायला निघायचे ते कसे — पगडी घालून, उपरणं घेऊन, जसं काही दरबारात नजराणा द्यायला चाललेत. पावती आणायची आणि ती पागेतल्या मंडळींना दाखवत फिरायचं. 'हा बघा, या महिन्याचा.' लोकांना कोण कौतुक. म्हणायचे, असा करारी माणूस दुसरा नाही बडोद्यात. शेजारची जमनाबेन मला म्हणायची, 'बेन, आ तो गांडपण छे,' म्हणजे हा निव्वळ वेडेपणा. म्हटलं, हो बेन, आमच्याकडं पिढीजात आहे.

चहा घ्या ना. आलं जास्त झालंय का? नाही? मग तोंड का असं केलंत. — बरं, तर आमचा कट. माझा भाऊ, जयवंतराव, रावपुऱ्यात असतो. मूलबाळ नाही. एक दिवस मी यांना म्हटलं, नीराला वहिनीकडं शिवण शिकायला धाडते रोज, हात रिकामा बरा नाही मुलीच्या जातीला. 'धाड,' म्हणाले. बस, एवढंच. सकाळी परदा लावलेल्या टांग्यातून लेक मामाकडं जायची, तिथून मामा तिला शाळेत पोचवायचा. शाळेत नाव मात्र त्याचं लावलं. नीरा जयवंतराव. त्याचीच मुलगी म्हणून. हो, हो, कळतंय मला, खोटं नाव सांगितलं, लिहून घ्या तेही, माझ्या नावावर लिहा, जयवंताच्या नको. अहो पण खरं नाव लावलं असतं तर? एका दप्तरात मुलगी हजर आणि दुसऱ्या दप्तरात त्याच मुलीचा दंड! तुमच्या खात्याला कळलं नसतं म्हणा — पण पागेतल्या कुणाच्या तरी भाच्याला नक्की कळलं असतं. तुमच्या शाळेच्या बाईंनी दाखला दिलाय सोबत, हीच ती मुलगी म्हणून. मघाशी तुम्ही तो दोनदा उलटसुलट करून पाहिलात.

आणि यांचं लक्ष म्हणाल तर — अहो, घोड्याच्या नालेत खडा अडकला तर पाच कोसांवरून ओळखणारा माणूस, पण घरात आंधळी कोशिंबीर. मुलगी वर्षभर शिवण शिकतेय, घरात एक रुमाल आला नाही, याला शंका नाही. एकदा आपणहून विचारलं, 'काय गं, पोरीनं काही केलंन् का शिवून?' दुसऱ्या दिवशी मांडवीतनं मोत्यांचं तोरण मागवलं, पोपटाचं, तिथल्या एका वेपाऱ्याच्या दुकानाबाहेर महिनाभर टांगलेलं होतं ते, येणारं जाणारं सगळं गाव बघत होतं — आणि दिलं यांच्या हातात. नीरानं केलं. यांनी उलटसुलट पाहिलं. म्हणाले, 'वा. हात चांगला बसलाय.' आणि स्वतः खुर्चीवर चढून दारावर लावलं. ते बघा, अजून आहे तिथंच, तुमच्या डोक्यावर. एक पोपट गळलाय. माझी रात्री हसून हसून पुरेवाट. म्हटलं, देवा, नवरा दिलास पण किती भोळा दिलास.

नाही, घरी अभ्यास करायची ना. न करून कसं चालेल? संध्याकाळी हे पागेत जायचे, तेवढ्या वेळात. पाटी, चोपडी सगळं तांदळाच्या कोठीत. आणि त्यातही देवाची कृपा बघा — यांना नेमका तेव्हाच खोकला जडला. तुम्ही म्हणाल खोकल्यात कसली कृपा? अहो, काय खोकायचे! पुरुषमाणूस घरात शिरताना खाकरतो, ते वेगळं. हे त्या कोपऱ्यावरच्या पिंपळापासून सुरू करायचे ते थेट दारापर्यंत. वर काठी दगडावर आपटायची, धाप लागल्यासारखी. नीरा म्हणायची, 'आई, खोकला आला,' की पाटी तांदळात, चोपडी तांदळात, आणि पोरगी वाती वळायला बसलेली. हे घरात आले की पाणी प्यायचे, मग काही नाही. रात्री झोपेतसुद्धा कधी ठसका नाही. मी आपली खुश — माझ्या काढ्याचा गुण! अडुळसा, ज्येष्ठमध, मिरं, सकाळ-संध्याकाळ. छाती बिघडली म्हणून जीव तर जळायचाच, पण मनात एक चोरही होता हो, खोकला अगदीच बरा झाला तर आमच्या अभ्यासाचं काय? म्हणून मिरं जरा कमी घालायची. — हे लिहू नका.

तसा तो दंड नीरा दहाची झाली तेव्हा थांबला. कायदाच तेवढा होता तेव्हा. यांना काय वाईट वाटलं! पावती नाही, पागेत मिरवायला काही नाही. पण आमची शाळा कसली थांबते, ती चालूच. खोकलाही चालू, काढाही चालू. सगळं आपापल्या जागी चालू होतं, आणि मागच्या वर्षी विषमज्वराचं निमित्त झालं. सरकारी डॉक्टर आणला होता. नळी लावून छाती तपासली त्यानं आणि म्हणाला, छाती घोड्यासारखी ठणठणीत आहे, चिंता आहे ती तापाची. मी आतून ओरडले, अहो डॉक्टर, छाती नीट बघा, इतकी वर्षं खोकतायत ते! डॉक्टरनं यांच्याकडं पाहिलं. यांनी भिंतीकडं पाहिलं. मला वाटलं, डॉक्टर नवशिका आहे.

त्याच दुखण्यातली गोष्ट. औषधाची बाटली आली होती, तिच्यावर कागद चिकटवलेला. हे नीराला म्हणाले, 'बाळ, काय आहे गं त्यावर?' आणि ही वेडी पोर, बापाच्या काळजीत, सगळं विसरून घडाघडा वाचून गेली — बाटली हलवावी, जेवणानंतर दोन चमचे, आंबट खाऊ नये. मी लगेच सावरून घेतलं, म्हटलं, 'कंपाउंडरनं तिच्यासमोर सांगितलं ना, पाठ झालं तिला.' तर म्हणाले, 'हो का? पोरीचं पाठांतर छान आहे. पुन्हा एकदा म्हण गं.' तिनं पुन्हा म्हटलं. डोळे मिटून ऐकलं. तापात ऐकू कमी येत असेल. त्यानंतर चौथ्या दिवशी गेले.

असो. तर ते पैसे मला हवेत. लोभ नाही हो, मला काय करायचंय त्या पैशांचं, भाऊजी म्हणतात तसं, 'वहिनी, तुम्हाला आता खर्च तो काय?' खरंच, विधवेला काय खर्च. पण नीरा पास झालीय. मास्तरीण व्हायचं म्हणते. इथल्या ट्रेनिंगच्या शाळेत तिला घेतील, पण तिथं पालकाची संमती लागते — आणि पालक कोण? वर झोपलेत ते. त्यांनी तिच्यासाठी डभोईचं एक स्थळ काढलंय. मुलगा? मुलगा म्हणू आपण, चांगुलपणानं. बिजवर आहे. मी पाया पडले भाऊजींच्या, म्हटलं, दोन वर्षं थांबा, शिकू द्या. तर काय म्हणाले ठाऊक आहे? 'वहिनी, मला काय, मी देईन संमती. पण दादाच्या आत्म्याला काय वाटेल? दादानं बेलभंडार उचलला होता. दादानं वर्षानुवर्षं दंड भरला, पण लेकीला पाठवली नाही. ही दादाची इच्छा. मेलेल्या माणसाची इच्छा मी कशी मोडू?' असं म्हणून डोळे पुसले. कोरडे होते, तरी पुसले. खरंच आहे ना. यांचा एक खोकला सोडला तर आमच्या बाजूचं यांनी काही मागं ठेवलं नाही. म्हणून म्हटलं निदान तो दंड तरी परत घ्यावा, यांच्या त्या करारीपणाचे पैसे करावे, आणि जयवंताच्या मदतीनं पोरीला पुण्याकडं कुठं तरी धाडावी, भाऊजींच्या संमतीशिवाय. झालं. एवढाच माझा अर्ज.

काय म्हणालात? पुन्हा तेच. मी सांगितलं ना, गोषाची सूट मागायचा अर्ज त्यांनी नाही दिला. का नाही दिला मला काय ठाऊक? ऐट! सगळ्या पागेत आपण एकटे दंड भरतो ही ऐट, दुसरं काय. तुम्हाला त्याचं एवढं काय नवल वाटतंय? नियम काय आहे? — सूट मागितली की? — कोण येतं? — घरी? मुलगी खरंच घरात असते का, ते बघायला? — शाळेच्या वेळात?

कधीही? न सांगता?

तुमचे हे तपासणारे लोक भाऊजींच्या घरीही यायचे? — हो, त्यांच्या मुली घरातच असायच्या, त्यांचं काय बिघडणार. — आणि हा नियम आमच्या यांना माहीत असणार? अर्ज घेतानाच सांगतात तुमचे लोक? — म्हणजे हे एकदा चौकशीला आले असतील. — आलेच होते? तुमच्या दप्तरात आहे तसं? अर्जाचा कागद घेऊन गेले, आणि तो भरून परत आणलाच नाही?

थांबा. जरा थांबा हो.

नाही, नाही, मी ठीक आहे. चहा गार झाला तुमचा. — कोऱ्या अर्जासाठी गेले. तिथं कळलं की तपासायला माणूस येतो, भर दुपारी, आणि दुपारी तर आमची नीरा — पण त्यांना कुठं ठाऊक होतं, नीरा दुपारी कुठं असते? ठाऊकच नव्हतं, तर मुलगी घरातच आहे म्हणून बेलाशक अर्ज द्यायचा. येऊ दे तपासायला. भाऊजींनी दिला तसा. अहो, भोळ्या माणसानं दिलाच असता अर्ज! न देणारा — न देणारा भोळा कसा?

पिंपळापासून खोकायचे. पिंपळापासून, दिनकरराव. तिथून आमच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, तुम्ही आत्ता चालत आलात ना? पाटी तांदळात जाऊन हात पुसून होतात तेवढ्या वेळात. आणि मी कपाळकरंटी, मी मिरं कमी घालत होते. सकाळ-संध्याकाळ प्यायले हो तो काढा. कडूजहर असतो अडुळसा. एकदा नाही म्हणाले नाहीत. डोळे मिटून गटागटा प्यायचे आणि भांडं पुढं करून म्हणायचे, 'गुण येतोय.' गुण येतोय! आणि ते तोरण — अहो, रोज त्या दुकानावरून जायचे यायचे. त्यांनी काय तो पोपट पाहिला नसेल? आणि बाटली! 'पुन्हा एकदा म्हण.' ऐकू कमी येत नव्हतं. त्यांना ऐकायचं होतं, पोर वाचताना. सहा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं ना. घरात शिरेस्तोवर सगळं तांदळात.

मला नाही सांगितलं. मला का नाही सांगितलं? — तुम्ही काय सांगणार. बेलभंडार होता ना तो. 'पाठवणार नाही' म्हणून उचलला होता. नाहीच पाठवली. मी पाठवली. मला एका शब्दानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि मग तेही पाठवणारे झाले असते. म्हणून विचारलं नाही. गाढव माणूस. आणि मी त्यांच्या तेराव्याला पागेच्या बायकांना सांगत होते, साधेसुधे होते हो, त्यांना जगाचं काही कळायचं नाही.

काय? — हो, आलं लक्षात. तुम्ही कारकून आहात, तुम्हाला तेच विचारावं लागणार. मयताला ठाऊक असेल तर दंड चुकून भरला असं होत नाही. जाणूनबुजून भरला. मग परत मिळत नाही. — नाही, माझ्यावर उपकार म्हणून ते गाळू नका. चांगले आहात तुम्ही, मघापासून तुमची लेखणी वरच धरलीय, दिसतंय मला. माझी मघाची बडबड तुम्ही ऐकली नाहीत म्हणायचं, आणि अर्ज मंजूर. पैसे येतील. आणि पैशाबरोबर सरकारी शिक्का येईल की नीराच्या बापाला काही ठाऊक नव्हतं, त्याची इच्छा नव्हती, तो आपला चुकून दंड भरत राहिला. भाऊजी तो कागद चौकटीत लावतील. नको. मला ते पैसे नकोत. माझ्या पाटल्या डब्यात पडल्यात, त्या मोडेन मी. पुस्तकं येतील तेवढ्यात. बाकीचं त्या ट्रेनिंगच्या शाळेत मिळतं म्हणतात.

खोडा तो अर्ज. नवा जबाब घ्या माझा. लिहा, मी सांगते तसं. 'मयतानं मुलीस शाळेत पाठविली नाही. अडविलीही नाही. ती शाळेत जाते हे त्यांस पहिल्यापासून ठाऊक होतं. ती शिकावी म्हणूनच त्यांनी सूट मागण्याचा अर्ज केला नाही आणि दंड भरला. ही त्यांची इच्छा.' इच्छा हा शब्द नीट काढा. आणि मयत, मयत काय लिहिताय सारखं, मयत तर रोज गावात चार होतात. नाव घाला. तुमचा नियम आहे ना, अर्जदारानं तोंडी सांगावं? लिहा मग. तुकोजीराव. तुकोजीराव बिन सुभानराव. — हो, मीच बोलले. ऐकलंत ना? मग झालं. लिहा.

आता वाचून दाखवा. नाही, असं नाही, पुटपुटल्यासारखं नाही, चांगलं मोठ्यानं. मघाशी म्हटलं होतं हळू बोला, ते आता सोडा. खाली साक्षीदाराची सही लागते ना? आहेत की साक्षीदार घरात. त्याच हातासरशी मग ट्रेनिंगच्या शाळेचा संमतीचाही कागद पुढं ठेवते, भावाच्या इच्छेबाहेर ते कधी नाहीत, स्वतःच सांगतात. सही झाली की तुम्ही निघा, उगाच आमच्या घरगुती गोष्टीत थांबू नका. — उठलेले दिसतायत. जिन्यात आले. खाकरताहेत बघा. खाकरू द्या, यांना काही मी काढा देणार नाही. वाचा तुम्ही, नावापासून.